कसेल त्याची जमीन, पण कागदावर नाव कोणाचे?

(नालासोपारा येथे जमलेल्या बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपण जेथे जमलो आहोत तेथून सोपाऱ्याचा स्तूप फार दूर नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली त्याचे उत्खनन केले. त्याविषयी मी काही सांगावे अशी आपल्यापैकी पुष्कळांची इच्छा असेल. परंतु चालकांनी मजकडे सोपविलेला विषय निराळा आहे. लहान शेतकऱ्यास, कुळास आणि भूमिहीनास कायद्याने कोणते संरक्षण दिले, ते आपल्या हाती कितपत आले आणि जे गेले ते कसे गेले, एवढेच मला आज बोलावयाचे आहे.

आपणांपैकी कोणी मनात म्हणेल, आम्ही रोज विरारच्या गाडीने कामावर जाणारी माणसे; शेतीच्या कायद्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. समोर बसलेल्यांत कित्येक कुटुंबे रत्नागिरीकडील आहेत, कित्येक घाटावरील, काही मराठवाड्यातील व खानदेशातील. कोणी दीक्षा घेऊन सहा महिने झाले असतील, तर कोणाच्या घरी ती १९५६ पासूनची असेल. येथे दोन खोल्या आणि गावी वीसपंचवीस गुंठे वरकस जमीन, निदान वाडवडिलांच्या घराखालील जागा, ही बहुतेकांची स्थिती आहे. थोडी कुटुंबे याच वसई तालुक्याच्या पूर्व भागातील आहेत. त्यांच्या वाडवडिलांनी तानसा नदीच्या काठची दुसऱ्याची भातखाचरे पिढ्यान् पिढ्या कसली. मी त्यांच्यापैकीच एक आहे, म्हणून प्रथम माझ्या घरची हकीकत सांगतो.

माझे आजोबा एका जमीनमालकाचे कूळ होते. त्या मालकाचे नाव मी घेणार नाही. त्याची नातवंडे आज आपणांसारखीच नोकरी करून पोट भरतात. सव्वा एकर भातशेती आजोबांच्या वडिलांपासून आमच्याकडे चालत आलेली. खंड भाताच्या रूपाने द्यावयाचा. त्याची पावती कधी मिळावयाची नाही. पावसाळ्यात घरातील दाणे संपले म्हणजे त्याच मालकाकडून खावटी आणावयाची आणि पीक आले की दीडपटीने फेडावयाची. ही रीत एकट्या आमच्या घरची नव्हती, सबंध ठाणे जिल्ह्याची होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ तारखेस दादरच्या चौपाटीवर, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून असंख्य लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजोबा त्या समुदायात होते. परत आले ते डोक्यावरचे केस उतरवून. घरातील देव त्यांनी नदीत सोडले आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम यापुढे आमच्या घरचे कोणी करणार नाही असे गावात सांगितले. डिसेंबर संपण्यापूर्वीच मालकाने त्यांस बोलावून घेतले. "तू धर्म बदललास. आता गावाशी तुझे काय राहिले? खावटीचे भात आजच्या आज आणून टाक, नाहीतर येथे अंगठा कर." आजोबांनी अंगठा केला. 'ही जमीन मी राजीखुशीने सोडून देत आहे' असे त्या कागदावर लिहिले होते. आजोबांस वाचता येत नव्हते. खावटी माफ झाली एवढेच ते समजले. फाल्गुनात राब भाजावयास ते खाचरावर गेले, तेव्हा बांधावर मालकाचा माणूस काठी घेऊन उभा होता.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ सालचा. त्यात मोठी दुरुस्ती झाली ती १९५६ साली. त्या दुरुस्तीने असे ठरले की, १ एप्रिल १९५७ या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो त्या जमिनीचा खरेदीदार मानला जाईल. किंमत मागाहून ठरेल, हप्त्यांनी देता येईल, पण मालकी त्या दिवशी कायद्यानेच कुळाकडे जाईल. या दिवसास कृषक दिन म्हणतात. मालकास स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असेल, तर त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळास नोटीस द्यावी आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करावा. तेही सामान्यतः निम्मी जमीन कुळाकडे राहील अशा बेताने.

नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरची. परिनिर्वाण ६ डिसेंबरचे. मालकाच्या नोटिशीची मुदत ३१ डिसेंबरची. कुळाने मालक व्हावयाचा दिवस १ एप्रिलचा. सहा महिन्यांच्या आत हे सर्व घडले. ज्या दिवसांत आपला समाज शोकात बुडाला होता, त्याच दिवसांत ज्यांस कायदा वाचता येत होता ते कुळांचे अंगठे गोळा करीत होते. आमच्या मालकाने नोटीस दिली नाही की अर्जही केला नाही. एका अंगठ्यावर त्याचे काम भागले.

कायद्याने मात्र तो अंगठा पुरेसा नव्हता. कुळाने जमीन सोडावयाची तर तसा राजीनामा लेखी हवा आणि तो मामलेदारापुढे पडताळला गेला पाहिजे. आपण काय सोडतो आहोत हे कुळास समजते काय आणि तो ते आपखुशीने करतो काय, याची मामलेदाराने स्वतः खात्री करून घ्यावयाची असते. ही पडताळणी म्हणजे नुसता उपचार नव्हे, ती झालीच पाहिजे, नाहीतर राजीनामा व्यर्थ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रामचंद्र केशव आडके यांच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. आजोबा मामलेदाराचे तोंडही पाहिलेले नव्हते. म्हणजे ज्या कागदाच्या भयाने त्यांनी शेत सोडले, तो कागद रद्दीच्या मोलाचा होता.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. १९६९ साली विधिमंडळाने या कायद्यात कलम ३२ (१ब) घातले. १५ जून १९५५ रोजी जमीन ज्या कुळाच्या ताब्यात होती, परंतु तहसीलदाराच्या हुकुमावाचून ज्यास १ एप्रिल १९५७ पूर्वी हुसकावून लावले गेले, त्यास ती परत द्यावी असे हे कलम सांगते. मात्र ३१ जुलै १९६९ रोजी ती मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडे असली पाहिजे आणि तोवर बिनशेतीकडे वळविलेली नसली पाहिजे. कुळाने अर्ज केला नाही तरी तहसीलदाराने आपण होऊन चौकशी करावी, अशीही त्यात तरतूद आहे. १९६९ साली आमच्या त्या सव्वा एकरात भातच पिकत होते आणि जमीन त्याच मालकाकडे होती. वडील मुंबईत गिरणीत होते. आजोबा गावीच होते आणि रोज त्या बांधावरून जात होते. दार उघडल्याचे आम्हांस कोणी कळविले नाही आणि आम्ही कोणास विचारले नाही. आजोबा १९७१ साली वारले. "कागद होता, अंगठा माझा होता, मी कोणाला काय सांगू?" असे ते अखेरपर्यंत म्हणत. ते कलम माझ्या वाचनात आले ते १९९४ साली. तोवर जमीन दोनदा विकली गेली होती. आज तेथे एक गोदाम आहे.

"धर्म बदललास, आता गावाशी तुझे काय राहिले?" या प्रश्नाचे उत्तर नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी नीट समजून घ्यावे, कारण हा प्रश्न आजही निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. कूळहक्काचा धर्माशी काडीइतकाही संबंध नाही. जमीन कोण कसतो एवढेच कायदा पाहतो. वारसाहक्काविषयी म्हणाल, तर धर्मांतरामुळे कोणाचाही मालमत्तेचा हक्क बुडणार नाही असा कायदा इंग्रज सरकारनेच १८५० साली केला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तर बौद्धांचा नावानिशी उल्लेख आहे. तो कायदा आपणांस लागू आहे. तेव्हा भाऊबंद म्हणू लागले की, तुम्ही बौद्ध झालात, आता आजोबांच्या जमिनीत तुमचा वाटा नाही, तर ते खोटे आहे असे खुशाल सांगावे. अनुसूचित जातीच्या सवलतींविषयी केंद्राच्या कायद्यात जी त्रुटी होती, तीही १९९० साली दूर झाली.

भगिनींसाठी येथे एक शब्द. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यापूर्वी कूळहक्काच्या जमिनीचा वारसा वेगळ्या कायद्यांच्या आड राहत असे. ती आडकाठीही त्याच दुरुस्तीने काढली गेली. पण आपल्यातीलच किती घरांत वारसनोंद करताना बहिणीचे नाव घातले जाते? बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे आपले भाऊ आणि आजोबांचा अंगठा घेणारा तो मालक यांत मला फारसा फरक दिसत नाही. हे कटू वाटेल. वाटू द्या.

कुळांचे हे कायदे कोणी दान म्हणून दिलेले नाहीत. रत्नागिरीकडील आपल्या बांधवांस खोती ठाऊक आहे. शेत कसणारा कुणबी किंवा महार आणि सरकार यांच्यामध्ये खोत बसलेला असे. सरकारी सारा तो भरी, पण कुळांकडून घेई ते आपल्या मर्जीप्रमाणे. ही पद्धत मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यांत कुणबी, आगरी, महार सर्व होते. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतनाविषयीचे विधेयक बाबासाहेबांनी त्याहून आधी, १९२८ साली मांडले होते. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला, म्हणजे त्यांच्या पश्चात. एका मागणीस कायद्याचे रूप येण्यास तीस वर्षे लागतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्यांचे आणखी एक भाषण मला आठवते, कारण त्याकडे आपले लोक फारसे लक्ष देत नाहीत. १९२७ साली मुंबई कौन्सिलात लहान शेतजमिनींविषयी एक विधेयक आले. जमिनीचे बारीक तुकडे होऊ द्यावयाचे नाहीत, हा त्याचा हेतू वरकरणी चांगला होता. बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. तुकडे थांबविण्याच्या नावाखाली ज्याच्याजवळ तुकडा आहे तो भूमिहीन होईल, हा त्यांचा मुद्दा होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नसते. ते कसण्यास बैल, अवजारे आणि भांडवल किती आहे त्यावरून ठरते, हे त्यांनी १९१८ च्या आपल्या निबंधातच दाखविले होते. लहान शेतकऱ्याच्या कल्याणासाठी म्हणून जेव्हा एखादा नवा नियम येतो, तेव्हा त्याने शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे प्रथम पाहावे, ही सवय मला त्या भाषणाने लावली.

१९५१ साली राज्यघटनेस नववी अनुसूची जोडली गेली. तीत घातलेले कायदे मूलभूत हक्कांच्या आधारे जमीनदारांस न्यायालयात पाडता येऊ नयेत, हा तिचा उद्देश. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे तो आपला १९४८ चा कूळकायदा. बाबासाहेब त्या वेळी केंद्राचे विधिमंत्री होते. १९५६ च्या दुरुस्तीसही जमीनमालकांनी आव्हान दिले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. सारांश, कायद्याच्या बाजूने तटबंदी उत्तम होती.

मग आमचे शेत का गेले? आमचे नाव कोठे लिहिलेले नव्हते म्हणून. गावच्या दप्तरात कूळ म्हणून कोणी आमची नोंद केली नव्हती आणि ती करा असे म्हणण्यास आम्ही गेलो नव्हतो. कायदा म्हणतो की, जो दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसतो, जो मालकाच्या कुटुंबातील नाही, मजुरीवरचा गडी नाही आणि गहाणदार म्हणून ताब्यात नाही, तो कूळ मानला जाईल. लेखी करार नसला तरी चालेल. पण हे सिद्ध करावयास गेले म्हणजे तहसीलदार प्रथम विचारतो, सातबारा काय म्हणतो? सातबाऱ्यावरील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरावयाची असते. आणि उलट पुरावा कोणता? खंडाची पावती, जी कधी दिली गेली नाही. शेजाऱ्याची साक्ष, आणि शेजारी त्याच मालकाची खावटी खाणारा.

म्हणून सातबारा वाचावयास शिका. वरचा भाग गाव नमुना सात. त्यात भोगवटादाराचे नाव, जमिनीचा आकार, आणि कुळाचे नाव व इतर हक्क यांची जागा असते. खालचा भाग गाव नमुना बारा. त्यात कोणत्या वर्षी कोणते पीक होते ते असते. नाव बदलते ते फेरफाराने. फेरफार होण्यापूर्वी संबंधितांस नोटीस द्यावी लागते. हरकत घेण्यास पंधरा दिवस असतात आणि हरकत आली तर चौकशी होते. आपल्या गावच्या चावडीवर लागलेली नोटीस नालासोपाऱ्यात राहणाऱ्यास कोण वाचून दाखवणार? हेच तर दुखणे आहे. त्यासाठी वर्षातून एकदा तरी गावच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा काढून पाहावा. पंधरा रुपये पडतात. नोंदीत बदल दिसला तर तो कोणत्या फेरफाराने झाला त्याचा क्रमांक तेथेच असतो. त्या फेरफाराची नक्कल मागावी. घरातील कर्ता माणूस वारला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसांची खबर द्यावी. आपले कित्येक लोक पंधरा पंधरा वर्षे आजोबांच्या नावावर जमीन ठेवून निर्धास्त असतात. मृताचे नाव कागदावर राहिले की जिवंत मनुष्याचा हक्क दुसऱ्यांच्या नजरेत येतो.

पूर्वी पीक पाहणीस तलाठ्याने शिवारात जावे आणि कागदावरील मनुष्याऐवजी दुसराच कोणी जमीन कसताना दिसला, तर नमुना चौदामध्ये त्याची नोंद करून तहसीलदारास कळवावे, असा नियम होता. किती तलाठी प्रत्यक्ष बांधावर गेले हा प्रश्न वेगळा. पण कुळास आपला ताबा दाखविण्याची ती एक संधी होती. २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानेच भ्रमणध्वनीवर करावयाची अशी व्यवस्था सुरू झाली. ज्याच्या नावे खाते आहे त्यास ती सोयीची आहे. ज्याच्या नावे काही नाही, जो तोंडी बोलीवर दुसऱ्याचे शेत करतो, त्यास ती नाही. १९२७ च्या त्या विधेयकाची आठवण मला येथे होते.

सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव नाही, पण वाडवडील कसत होते हे खरे आहे, असे असल्यास कलम ७० (ब) खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अमुक मनुष्य कूळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही, तो तहसीलदाराचा आहे. पुष्कळ लोक वकिलाच्या नादाने दिवाणी दावा घालून बसतात आणि दहा वर्षांनी कळते की हा प्रश्न येथे सुटावयाचाच नाही.

आता आपल्या या वसई-विरारकडे वळू. येथे शेतीचा भाव पिकावरून ठरत नाही. पश्चिमेस केळीच्या, नागवेलीच्या, भाजी-फुलांच्या वाड्या, पूर्वेस भात. १९९० साली सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ साली महानगरपालिका आली, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. हिरवा पट्टा राखण्यासाठी येथील ख्रिस्ती व हिंदू शेतकऱ्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोठा लढा दिला, त्याचा आपणांसही आदर वाटला पाहिजे. पण मी कुळाविषयी बोलतो आहे. कुळास हल्ली असे सांगितले जाते की, जमीन महापालिकेच्या हद्दीत आली, आता कूळकायदा लागू नाही, तुझा हक्क संपला. हे अर्धसत्य आहे. महापालिकांच्या हद्दीत त्या कायद्याची खरेदीविषयक काही कलमे लागू होत नाहीत हे खरे. परंतु १ एप्रिल १९५७ रोजी जो हक्क कुळास मिळून चुकला, तो पन्नास वर्षांनी हद्द बदलली म्हणून आपोआप पुसला जात नाही. असे कोणी सांगितले तर त्याच्या पुढ्यात सही करू नये; प्रथम १९५५ ते १९५८ या वर्षांचे जुने सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढावेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवावी, कुळाने ती भरावी आणि मग कलम ३२म चे प्रमाणपत्र मिळावे, असा क्रम. अशी जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येऊ नये असे कलम ४३ सांगे. नवा मालक झालेला गरीब शेतकरी पहिल्याच अडचणीत जमीन गमावून बसेल, ही त्यामागची भीती होती आणि ती रास्त होती. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीस दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. आपल्या खाचरांचा आकार काही रुपये असतो. त्याची चाळीस पट म्हणजे काहीशे रुपये. ज्या कुलुपाने साठ वर्षे शेत राखले, ते आता इतक्या पैशांत उघडते. आपली जमीन आपण विकूच नये असे सांगणारा मी नव्हे. मालक झालो तर विकण्याचाही अधिकार आला. परंतु आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने प्रमाणपत्राची जमीन एका इमारतवाल्यास कुलमुखत्यारपत्रावर दिली. त्या कागदात काय लिहिले होते ते घरात कोणी वाचले नव्हते, आणि त्या घरात तेव्हा दोन पदवीधर होते. आजोबांस वाचता येत नव्हते, म्हणून त्यांस मी दोष देत नाही. यांस काय म्हणावे?

विकण्यापूर्वी कलम ६३ ही वाचावे. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सामान्यतः खरेदी करता येत नाही. घरातील शेवटचा गुंठा विकला की शेतकरी असल्याचा दाखला गेला. पुढे पैसा आला तरी मुलांस चार गुंठे घेणे जड जाईल.

तिसरी गोष्ट भूसंपादनाची. विरार-अलिबाग मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, हे सर्व याच परिसरातून जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे केवळ मालकाचे कुटुंब नव्हे. त्या जमिनीवर तीन वर्षे पोट भरणारे कूळ आणि शेतमजूर यांचाही त्यात समावेश आहे. पण मोबदल्याचा कागद सातबाऱ्यावरील नावास जातो. कुळाने मुदतीत हरकत घेतली नाही, तर मागाहून त्याचे कोणी ऐकत नाही.

या तालुक्याच्या पूर्वेस वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधव आहेत. त्यांच्यासाठी १९७४ पासून वेगळे संरक्षण आहे. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीस घेता येत नाही, आणि त्यापूर्वी गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला. तो १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. उसगावच्या बाजूस १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले, ते आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. आपल्यातील ज्यांच्या हाती आता चार पैसे आले आहेत, त्यांच्यापैकी कोणी एखाद्या वारल्याच्या नावाने व्यवहार करून त्याची जमीन वापरीत असेल, तर त्याने आपल्या घरातील बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा पाहावे.

ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्याविषयी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ च्या ६ डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह चालविला, लक्षावधी लोक तुरुंगात गेले. त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकारची योजना आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळावी, अशी ती योजना. सरकारने घातलेल्या किमतीच्या मर्यादेत या वसईत गुंठाभरही मिळणार नाही हे उघड आहे. परंतु आपले मूळ गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथील समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी करण्यास काही हरकत नाही. महार वतनाची जमीन ज्यांची असेल, त्यांनी ती पुन्हा आपल्या नावे झाली काय, आणि झाली असल्यास कोणत्या शर्तीवर, हेही पाहून घ्यावे. तीही कलेक्टरच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही, आणि नेमक्या अशाच जमिनींवर दलालांचा डोळा असतो.

चालकांच्या परवानगीने मी येत्या दोन रविवारी सकाळी दहापासून येथेच बसणार आहे. ज्यांच्याजवळ गावच्या जमिनीचे काही कागद असतील त्यांनी ते घेऊन यावे: जुना सातबारा, फेरफाराची नक्कल, खंडाची पावती, ३२म चे प्रमाणपत्र, मृत्यूचे दाखले, काहीही. कागद फाटका असला किंवा मोडीत असला तरी टाकू नये. मोडी वाचणारे एक गृहस्थ आपल्यात आहेत. मुलांस व मुलींस बरोबर आणावे, त्यांनाही ते वाचता आले पाहिजेत. सध्या पाऊस आहे, म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत. आणि कोणी नवीन कागदावर सही मागत असेल, तर त्यास रविवारपर्यंत थांबावयास सांगावे.

जयभीम.